सातबारा टोपी आणि नमुन्यांची पिशवी

वर्षावास संपला, गावोगावच्या विहारांत कठिन चीवरदानाचे कार्यक्रम सुरू झाले, की आमच्याकडे लोकरीची चौकशी सुरू होते. बारामती-इंदापूरचा भाग कमी पावसाचा, उन्हाने भाजणारा. इथे लोकरीचे काय काम, असे मुंबईच्या भगिनी आम्हांला हसून विचारतात. त्यांनी पौष महिन्यात एकदा पहाटे चार वाजता लासुर्णे-अंथुर्ण्याच्या रानात, उसाला रात्रीच्या पाळीचे पाणी धरणाऱ्या माणसाच्या शेजारी येऊन उभे राहावे. किंवा साखर कारखान्याच्या आवारातल्या ऊसतोडणीच्या कोप्यांत एक रात्र काढावी. मग टोपी आणि हातमोजे यांवर लेख कशाला, हे विचारावे लागणार नाही.

पण हा लेख टोप्या विकण्याविषयी नाही आणि थंडीविषयीही नाही. विणकामाच्या वर्गात शिकवणारीने पुढे ठेवायच्या नमुन्यांविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल. आम्हांलाही तो किरकोळच वाटत होता, आणि त्या समजुतीपायी आमचा एक अख्खा वर्ग मोडला.

आम्ही बारामतीत रविवारी आणि इंदापुरात आठवड्यातल्या एका दुपारी वर्ग घेतो. दोन्ही ठिकाणी जागा विहाराची, सतरंजी विहाराची, उजेड एका दिव्याचा. येणाऱ्या भगिनी खुरपणीला, कांदा काढायला, कुणी लोकांच्या घरी धुण्याभांड्याला जाणाऱ्या. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने एक पूर्ण स्वेटर नमुना म्हणून नेला. वेलबुट्टीचा, पुढे बटणपट्टी, गळ्याला दुहेरी पट्टी. बायकांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, छान म्हणाल्या आणि घडी घालून परत दिला. पुढच्या वेळी चौदापैकी पाच आल्या. तिसऱ्या वेळी दोन.

एकीला रस्त्यात गाठून विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, त्यो आमच्यानं होणार न्हाय. आन् झाला तरी लोकर कुठनं आणायची?"

तिचे दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला लोकर लागते चारशे ग्रॅमच्या घरात आणि नवशिक्या हाताला वेळ लागतो दोन महिने. दोन महिने चुकतच राहायचे आणि शेवटी एक बाही लांब निघायची. आमच्या नमुन्याने तिला काही शिकवले नव्हते, फक्त आम्हांला किती येते ते दाखवले होते.

याच्या उलट टोपीचे. तान्ह्या बाळाची टोपी पंचवीस ग्रॅमच्या आसपास होते आणि हातमोज्यांचा जोड धरून पन्नास ग्रॅमच्या एका गुंड्यात काम भागते. चार-पाच दुपारी पुरतात. शिवाय विणकामातले जे जे शिकायचे ते सारे या एवढ्याशा वस्तूत असते : टाके घालणे, सुलट-उलट, काठाची पट्टी, टाके कमी करणे, शेवटचे टाके ओवून आवळणे, बाजूची शिवण. हातमोज्यात टाके वाढवणे आणि काही टाके दोऱ्यावर थांबवून ठेवणे ही आणखी भर. टोपी आणि मोजा ज्या बाईला नीट आला, तिला स्वेटर परका राहत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यापैकी दोघी मुलीपणी तालुक्याच्या गावी एका शिवण-विणकामाच्या वर्गाला जात होत्या. फी भरली होती. तिथे आम्हांला काजे करायला, बटणे लावायला आणि बाईंच्या गिऱ्हाइकांच्या स्वेटरच्या बाह्या विणायला मिळत. खांद्याचा उतार कसा काढायचा, गळ्याचे टाके कसे धरायचे, हे बाई पाठ करून करत. नमुने काचेच्या कपाटात असत आणि कपाटाला कुलूप. आमच्यासारख्या वस्तीतून आलेल्या मुलींनाच असे का, हे विचारायचे धाडस तेव्हा नव्हते. एक वर्षाने आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाह्या फार उत्तम विणत होतो.

आता वर्ग आमचा स्वतःचा होता, आणि आम्हीही नकळत तसेच कपाट उघडून बसलो होतो, फक्त कुलूप तेवढे नव्हते. पूर्ण झालेली, आतली शिवण लपवलेली, चूक कुठेच नसलेली वस्तू शिकणारीच्या पुढे ठेवणे म्हणजे दार लावून घेण्यासारखेच.

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांविषयी एक प्रकरण आहे. त्यात भगवान बुद्ध मगधातल्या भातशेतीकडे पाहतात. वाफे, बांध, आडवे बांध, चौक, सगळे रेखीव आखलेले. ते आनंदाला विचारतात, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंद राजगृहाला परतल्यावर तुकडे जोडून तशी चीवरे शिवतो आणि भगवंतांना दाखवायला आणतो. थोडक्यात सांगितलेले याने विस्ताराने जाणले, म्हणून भगवान त्याची स्तुती करतात. भिक्खूंचे चीवर आजही त्या शेताच्या नकाशाप्रमाणे शिवले जाते. आम्हांला या कथेत सर्वांत आवडते ते हे की आनंदाने नुसते हो म्हटले नाही, करून आणून दाखवले. आणि त्या चीवरावर जोड लपवलेला नाही, जोड हीच त्याची आखणी आहे. ज्या 'कठिन'च्या नावाने आपण दान देतो तो शब्दही मुळात शिवताना कापड ताणून बसवायच्या चौकटीचा. सुई-दोरा बायकांचा आणि धम्म पुरुषांचा, असे मानणाऱ्या आमच्या काही बांधवांनी विनयातला हा भाग सवडीने वाचावा. सुई आणि सुईघर ठेवण्याची परवानगी भिक्खूंनाही आहे.

असो. आम्ही नमुने नव्याने केले. आता एका टोपीचे पाच नमुने असतात. पहिल्यात फक्त टाके घातलेले आणि काठाची पट्टी. दुसऱ्यात पट्टीच्या वर सरळ विणलेला भाग. तिसऱ्यात टाके कमी करायला सुरुवात झालेली. चौथ्यात माथा आवळलेला, पण शिवण उघडी. पाचवी पूर्ण टोपी, तीसुद्धा उलटी करून ठेवलेली. पहिल्या तीन नमुन्यांचे टाके बंद केलेले नसतात, दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर ओवलेले असतात. शिकणारीने त्यांत आपली सुई घालायची, दोन ओळी स्वतः विणून पाहायच्या, मग उसवून पुन्हा दोऱ्यावर घ्यायच्या. नमुना मळतो, सैल होतो. होऊ द्यावा. जो नमुना वर्षभर कोरा राहिला, त्याला कुणी हात लावला नाही असे समजावे.

टोपीचा हिशेब असा. लोकर चार प्लायची, सुया बारा नंबर आणि दहा नंबर. दहा नंबरवर सरळ विणीत एका इंचाला सात टाके येतात का, हे आधी छोटा चौकोन विणून पाहावे. आले नाहीत तर सुई बदलावी, हात बदलण्याच्या भानगडीत पडू नये. टाके घालावेत ८४. बारा नंबरवर दोन सुलट, दोन उलट अशी एक इंच पट्टी. मग दहा नंबरवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे, काठापासून साडेतीन इंच भरेपर्यंत. आता टाके कमी करायचे. १० सुलट, पुढचे २ एकत्र, असे सात वेळा, राहिले ७७. परतीची ओळ नुसती उलट. मग ९ सुलट, २ एकत्र, राहिले ७०. मग ८ आणि २, राहिले ६३. असे उतरत उतरत सुईवर ७ टाके उरतात. दोरा तोडून त्यातून ओवायचा, आवळायचा, आतून गाठ मारायची आणि त्याच दोऱ्याने बाजू शिवायची. काठ ताणला की तेरा-चौदा इंचांच्या नवजात डोक्यावर टोपी अंग धरून बसते.

म्हणजे बारा-बारा टाक्यांचे सात भाग. हे फळ्यावर लिहिले त्या दिवशी इंदापूरच्या वर्गात एक मावशी एकदम मोठ्याने हसल्या. "सात आन् बारा! बाई, आपला सातबारा बगा टोपीवरच निघाला!" सगळा वर्ग हसला. त्या पंचवीस जणींत सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असलेली एकही नव्हती. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बिल मांडले. ती वतने कायद्याने गेली त्यालाही साठ वर्षे उलटून गेली. वतनाच्या जमिनी कुणाच्या कशा हातातून गेल्या, हे प्रत्येक घरात वेगवेगळे ऐकायला मिळते. त्या दिवसापासून आमच्या वर्गात या टोपीचे नाव सातबारा टोपी पडले. ८४, ७७, ७०, ६३ हा सातचा उलटा पाढा आहे. अक्षर न शिकलेल्या बायका तो टाके मोजता मोजता पाठ करतात. पाढा चुकला की टोपीचा माथा वाकडा होतो, आणि वाकडा माथा पाहून कितवा आकडा चुकला तेही त्यांना सांगता येते.

चांगल्या नमुन्यांइतकेच बिघडलेले नमुने मोलाचे आहेत. आमच्या पिशवीत एक चौकोन आहे ज्याचा टाका सुटून खालपर्यंत शिडी झाली आहे. त्या शिडीत क्रोशाची सुई घालून टाका वर कसा चढवायचा, हे प्रत्येकीने करून दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. दुसरा चौकोन खाली अरुंद, वर रुंद. कडेला दोरा चुकून सुईवरून फिरला की टाके आपोआप वाढतात, ते तिथे दिसते. तिसऱ्यात टाके पिळलेले आहेत. आणि चौथी एक पूर्ण टोपी आहे, जिची हकिगत पुढे येईल.

रंगावरून आमच्यात थोडे भांडण झाले. सगळ्यांना निळा हवा. आपला रंग, यात बोलायचे काय! पण गडद निळ्या लोकरीत एका दिव्याच्या उजेडात टाका दिसतच नाही. शेवटी फिकट आकाशी आणि पांढरा यांवर तडजोड झाली. टाके कमी करायची प्रत्येक ओळ पांढरी ठेवली, म्हणजे दुरूनही पायऱ्या मोजता येतात. एका नव्या आईने बाळाच्या टोपीला दृष्ट लागू नये म्हणून काळा ठिपका मागितला. ती वर्गात नवीन होती. तिला कुणी रागावले नाही, फक्त शेजारणीने विचारले, "काळा ठिपका थंडी आडवतो का गं?"

हातमोज्यांचे दोन नमुने लागतात. तान्ह्या बाळाचा मोजा बिनअंगठ्याचा, म्हणजे नुसती पिशवी. ३६ टाके, एक इंच पट्टी, दीड-दोन इंच सरळ वीण, मग ४ सुलट २ एकत्र, ३ सुलट २ एकत्र असे करत सहा टाक्यांवर आवळायचे. मनगटाला नाडी ओवू नये, पट्टीचा ताण पुरतो. मोजा बाळाच्या हातात घालण्यापूर्वी उलटा करून आत लोंबता धागा नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. असा धागा तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त थांबते, बोट सुजते, आणि मोज्यात झाकलेले असल्याने कुणाला कळत नाही. आमच्याकडे शेवटचे टोक तीन वेळा वेगवेगळ्या दिशांनी ओवल्याशिवाय मोजा पास होत नाही. आणखी एक. हात तोंडाकडे नेणे ही बाळाची भुकेची पहिली खूण असते. खोलीत ऊब असेल तेव्हा मोजे काढून ठेवावेत.

मोठ्या माणसाचा मोजा मात्र खरा शिकवणारा. चार बोटे एका घरात, अंगठा वेगळा. पंजासाठी ५६ टाके. अंगठ्याच्या जागी मधल्या दोन टाक्यांच्या दोन्ही अंगांना एक ओळ सोडून एकेक टाका वाढवत न्यायचा, म्हणजे सदऱ्याच्या कळीसारखी एक कळी तयार होते. तिचे १८ टाके झाले की ते दोऱ्यावर थांबवायचे, पंजा पुरा करायचा आणि मग परत येऊन अंगठा विणायचा. हे थांबवून ठेवणे बायकांना सर्वांत अवघड जाते. अर्धे काम तसेच सोडून पुढे जायचे त्यांच्या जिवावर येते. म्हणून या मोज्याचा एक नमुना कळी दोऱ्यावर लोंबती ठेवून केलेला आहे. असे मोजे पहाटे दूध घालायला सायकल-मोटारसायकलवरून जाणारे लोक आनंदाने घेतात.

लोकरीविषयी थोडे. आमच्याच तालुक्यांच्या माळावर धनगरांची मेंढरे चरतात आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी होते. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, बाळाच्या कपाळाला बोचणारी. टोपीची लोकर दुकानात येते ती बहुधा लुधियानाची, आणि आपण तिला लोकर म्हणतो तरी ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा धागा असते. ओळखायला सोपे : टोकाचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावावी. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. ॲक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपे, बाळाला बोचतही नाही. पण पेटले तर अंगाला चिकटते. चुलीजवळ बाळाला घेऊन बसणाऱ्या आईला हे सांगायलाच हवे. हाताला वळण लागेपर्यंतचे चौकोन आम्ही सुताच्या जाड धाग्यावर करून घेतो. उन्हाळ्यात घामट हाताने लोकर नकोशी होते.

आता त्या चौथ्या टोपीची हकिगत. दुसऱ्या वर्षी वर्गाने पहिल्या चाळीस टोप्या केल्या त्या विकायच्या नाहीत, ऊसतोडणीच्या कोप्यांत न्यायच्या, असे बायकांनीच ठरवले. गळिताच्या हंगामात या भागातल्या कारखान्यांवर बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांत आपल्याही समाजाची कुटुंबे असतात. पाचटाच्या कोपीत बाळंतपणे होतात, आणि आठ-दहा दिवसांचे मूल घेऊन आई फडात जाते.

बाळाला डोक्यावाटे थंडी बाधते असे जुन्या बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे. नवजात बाळाच्या अंगाच्या पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्शाहून कमी. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. तो परिणाम टोपीचा नव्हे हे उघड आहे. जंतुदोषावरचे औषध, श्वास, अंगावरचे दूध, वजन अशा अनेक गोष्टी त्यात होत्या. बाळाला उबेत ठेवणे ही त्यांतली एक. आणि शिकवणाऱ्या बाया गावातल्याच होत्या, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे.

आम्ही टोप्या घेऊन गेलो. पहिल्याच कोपीत एका मुलीने, मुलगीच ती, बाळाला टोपी घातली. बाळ रडू लागले. काढली तर कपाळावर लाल वळ. दुसऱ्या बाळाला तेच. नवशिक्या हाताने टाके घट्ट घातले होते, चाळीसपैकी निम्म्याहून अधिक टोप्यांचा काठ सुतळीसारखा ताठ होता. आम्ही शिकवणाऱ्यांनी एकीलाही काठ ताणून पाहायला लावले नव्हते. ती चूक पूर्णपणे आमची. टोप्या परत आणल्या, काठ उसवले आणि दोन सुया एकत्र धरून टाके घालायला शिकवले, म्हणजे काठ सैल येतो. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा ती टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. टोप्या दुसऱ्या बाळांना मिळाल्या. त्या पहिल्या घट्ट टोप्यांतली एक आम्ही उसवली नाही. तीच पिशवीतली चौथी. वर्ग सुरू करताना आधी ती फिरवतो, आणि प्रत्येकीने ती आपल्या मुठीवर चढवून पाहायची.

सुईवरचे विणकाम हे आपल्याकडे बाहेरून आलेले आहे. मिशनरी शाळांतून, आश्रमांतून ते पसरले. बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना आणून हातांना काम शिकवले, ती परंपरा जवळचीच. पुढे सरकारी योजना आल्या. १९७९ ला ट्रायसेम, १९८२ ला डवाकरा, अलीकडे 'उमेद'चे बचत गट. योजनेतून शिकणाऱ्या पुष्कळ झाल्या, पण शिकवणाऱ्या म्हणून आपल्या भगिनी किती नेमल्या गेल्या, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे. नागपूरच्या १९४२ च्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याविषयी जे सांगितले ते आमच्या विहाराच्या भिंतीवर रंगवलेले आहे. भिंत रंगवणे एका दिवसाचे काम आहे.

म्हणून आमचा नियम एकच : वर्ग संपताना प्रत्येकीने स्वतःचा पूर्ण संच करायचा. पाच टोप्या, दोन मोजे, तीन बिघडलेले चौकोन. तो तिचा, आम्ही ठेवून घेत नाही. पहिल्यांदा बायकांना बिघडलेला चौकोन मुद्दाम करायची लाज वाटते. एक जण रात्री घरी जाऊन तो सरळ करून आली होती.

गेल्या थंडीत आमच्यातली एक, चौथी पास, खुरपणीला जाणारी, नणंदेच्या गावी चार दिवस राहायला गेली. तिथे तिचा संच पाहून शेजारच्या बायका जमल्या. चार दिवसांचे पंधरा झाले. मग गावातल्या एका संस्थेच्या माणसाने विचारले, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का? ती म्हणाली, "न्हाय. पर ही टोपी उलटी करून बगा." तो पाहत राहिला. तिला तिथे काम मिळाले नाही. पण विहारात सतरंजी घालून तिने वर्ग सुरू केला, आणि आता तिथे नऊ जणी आहेत. तिचा संच तिथे रोज हाताळला जात असल्याने पुरत नव्हता. परवा ती बारामतीला आली, जयभीम घातला, चहा घेतला आणि आमचीच पिशवी उचलून घेऊन गेली.

त्यामुळे सध्या आम्ही नवा संच विणत बसलो आहोत. पहिला आणि दुसरा टप्पा झाला. तिसऱ्यासाठी पांढरी लोकर कमी पडली आहे.